बोर्ड नवा आणला तरी तोच प्लग पुन्हा करपतोय: घरातल्या रोपांच्या खोलीची वीज तपासताना

तक्रार साधारण अशी असते. फ्लॅटमधल्या एका खोलीच्या कोपऱ्यात रोपांची मांडणी आहे. वर एलईडी ग्रो लाइट, खाली पाण्याचा पंप, बाजूला पंखा आणि थंडीत एक हीटर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. काही महिन्यांनी करपल्याचा वास येतो. बघितलं तर बोर्डाच्या एका सॉकेटभोवतीचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं. तो बोर्ड जातो, त्याच्या जागी जरा जाडजूड बोर्ड येतो, आणि पुढच्या थंडीत त्याच ठिकाणी तेच. एवढं होऊन एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा पॅनेलमधला स्विच, एकदाही पडलेला नसतो.

माझ्याकडे हे तीनदा झालं. पहिल्यांदा बोर्ड हलका होता म्हणून झालं असेल, असं वाटलं. दुसऱ्यांदा कंपनीला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मात्र नवा बोर्ड आणायच्या आधी जुना उघडून बसले. त्यात जे सापडलं ते आणि त्यानंतर ओळखीपाळखीच्या चार-पाच मांडण्या तपासताना जे पक्कं झालं ते इथे लिहितेय.

आत्ता या क्षणी वास येत असेल किंवा प्लग बोटाला मऊ लागत असेल तर आधी मेन स्विच बंद करून या. तापलेला प्लग चालू लोडवर ओढून काढू नका. ओढताना ठिणगी पडते, आणि प्लास्टिक वितळलेलं असेल तर पिन सॉकेटमध्येच राहून उघडी पडू शकते.

एमसीबी गप्प का बसतो

माझा लोड असा होता: प्रत्येकी प्रत्यक्ष २४० वॉट खाणारे दोन दिवे, हवेतला दमटपणा काढणारा २५० वॉटचा डीह्युमिडिफायर, पंखा आणि दोन छोटे पंप मिळून ५५ वॉट. एकूण ७८५ वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ३.४ अँपिअर. थंडीत त्यात १५०० वॉटचा हीटर आला की २२८५ वॉट, जवळजवळ १० अँपिअर. बोर्ड १६ अँपिअरचा आणि एमसीबीही १६ चा. कागदावर सगळं व्यवस्थित बसत होतं, म्हणूनच मी दोन वर्षं चुकीच्या जागी शोधत राहिले.

एमसीबीला फक्त वायरमधून किती करंट जातोय एवढंच कळतं. करंट मर्यादेबाहेर गेला किंवा शॉर्ट झाला तर तो पडतो. पण सॉकेटची पकड सैल झाली तर करंट वाढत नाही. उलट वाटेत एक जादा अडथळा आल्यामुळे किंचित कमीच होतो. करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या आरसीसीबीलाही त्यात काही वावगं दिसत नाही, कारण फेजमधून गेलेला करंट पूर्णच्या पूर्ण न्यूट्रलमधून परत येतो. म्हणजे एक सांधा प्लास्टिक वितळवण्याइतका तापलेला असतो आणि पॅनेलवरची दोन्ही उपकरणं आपापल्या परीने बरोबर काम करत असतात.

सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, सैल पकडीमुळे ०.१ ओहमचा रोध तयार झाला. ३.४ अँपिअरला तिथे जेमतेम सव्वा वॉट उष्णता होईल, हाताला कळणारही नाही. हीटर लागला आणि करंट १० अँपिअर झाला की त्याच जागी १० वॉट. करंट तिप्पट झाला, पण उष्णता आठपटीहून जास्त वाढली. छोट्या सोल्डरिंग आयर्नची पॉवर २५ वॉट असते, हे लक्षात घेतलं की बोटाच्या पेरापेक्षा लहान जागेत, चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद केलेले १० वॉट काय करतील याचा अंदाज येतो. माझे बोर्ड फक्त थंडीत का करपायचे याचं उत्तरही यातच होतं. (१२० व्होल्टचा पुरवठा असेल तर तेवढ्याच वॉटला करंट जवळपास दुप्पट लागतो आणि तसल्याच सैल सांध्यात साडेतीनपटीहून जास्त उष्णता होते. तिकडच्या लोकांनी पुढचं सगळं जास्तच गांभीर्याने घ्यावं.)

दुसरी गोष्ट तासांची. पाणी तापवायची किटली दिवसाला दहा मिनिटं चालली तर वर्षाचे साधारण ६१ तास होतात. रोपांचा दिवा दिवसाला १८ तास चालला तर वर्षाचे ६५७० तास. घरगुती प्लग आणि बोर्ड बहुतेक वेळा किटलीच्या पद्धतीने वापरले जातात: तापतात आणि पूर्ण निवतात. रोपांच्या खोलीत त्यांना निवायला वेळच मिळत नाही. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमांत तीन तास किंवा त्याहून जास्त सलग चालणारा लोड वेगळा धरतात आणि साध्या ब्रेकरवर तो क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगतात. त्या हिशोबाने १६ अँपिअरच्या लाइनीवर १२.८ अँपिअर. तुम्ही कुठेही राहत असा, रोपांच्या लोडसाठी हा आकडा डोक्यात ठेवायला हरकत नाही.

कुठे तापतंय ते आधी शोधा

सगळा लोड चालू करा, हीटरसकट, आणि तासभर चालू द्या. पाच मिनिटांच्या तपासणीत काहीच कळत नाही, कारण प्लास्टिकमधून उष्णता बाहेर यायलाच वेळ लागतो. मग बोर्डाच्या आणि प्लगच्या प्लास्टिकवर हाताची मागची बाजू अलगद टेकवा. कोमट लागलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. हात ठेवणं नको वाटलं तर तपासणी तिथेच संपली, मेन बंद करा.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फारच सोयीचं. फक्त चकचकीत धातूवर तो चुकीचं, बहुधा खूप कमी तापमान दाखवतो. प्लास्टिकवर मोजा, नाहीतर धातूवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. खोलीचं तापमानही टिपून ठेवा, कारण आपल्याला हवा असतो तो दोन्हींतला फरक. प्लग-सॉकेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०८८४ मध्ये, चाचणीच्या वेळी टर्मिनलचं तापमान भोवतालपेक्षा ४५ अंशांहून जास्त वाढता कामा नये असं आहे. पण ते आतल्या टर्मिनलचं. आपण बाहेरून मोजतो तेव्हा आत त्याहून जास्त असतं, हे धरूनच चालायचं. मी स्वतःपुरता नियम केलाय: बाहेरचं प्लास्टिक खोलीपेक्षा १५ अंशांनी वर गेलं की कारण शोधायचं, ३० अंशांनी गेलं की बंद.

आता महत्त्वाचं. उपकरणाचा स्विच बंद करा, बोर्ड भिंतीवरून बंद करा, प्लग काढा आणि पिनांकडे बघा, जपून हात लावा.

एकच पिन तापलेली असेल आणि दुसरी गार, तर त्या पिनेचा सांधा खराब आहे. एक तर सॉकेटमधली त्या बाजूची पकड सैल आहे, नाहीतर प्लगच्या आत त्या पिनेवरचा स्क्रू. दोन्ही पिना आणि सगळी वायर सारखीच कोमट असेल तर सांध्यांचा दोष कमी आणि वायर लोडच्या मानाने बारीक. वायर प्लगजवळ गरम आणि हातभर पुढे गार असेल तर उष्णता प्लगमध्ये तयार होऊन वायरीत उतरतेय. आणि गुंडाळी केलेला भागच तेवढा गरम असेल तर गुंडाळी सोडा. रीळवर किंवा वेटोळं करून ठेवलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आणि साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंशांची असते. जास्तीची वायर नीट दिसावी म्हणून गुंडाळून बांधून ठेवायची आपली सवय मोडायला हवी.

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळाला तर अजून एक खात्रीची तपासणी करता येते. हीटर चालू ठेवून मीटर आधी भिंतीचं सॉकेट आणि बोर्ड यांच्यामध्ये लावा आणि व्होल्टेज टिपा. नंतर तोच मीटर बोर्ड आणि हीटर यांच्यामध्ये लावून पुन्हा टिपा. दर वेळी मीटर हलवताना अर्थातच सगळं बंद करून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बोर्डाने वाटेत खाल्लेलं व्होल्टेज. १.५ चौरस मिलिमीटर वायरीच्या तीन मीटर लांब बोर्डात १० अँपिअरला ०.८ व्होल्टच्या आसपास पडणं स्वाभाविक आहे. तिथे चार-पाच व्होल्ट पडत असतील तर जास्तीचे तीन-चार व्होल्ट गुणिले १० अँपिअर, म्हणजे ३०-४० वॉट, कुठल्या तरी सांध्यात उष्णता होऊन चाललेत. हे दोन आकडे लागोपाठ घ्या. संध्याकाळी पुरवठ्याचं व्होल्टेज आपलं आपणच हलत असतं.

याच मीटरवर प्रत्येक दिव्याचे खरे वॉटही बघून घ्या. ग्रो लाइटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० लिहिलेलं असतं आणि मीटर शंभर-दीडशे दाखवतो, असं सर्रास होतं. उलट जुन्या ६०० वॉटच्या सोडियम दिव्याला करंट आवरणाऱ्या बॅलास्टसकट त्याहून दहाएक टक्के जास्त लागतात.

बोर्ड नवा, पण प्लग जुनाच

माझ्या तीन करपलेल्या बोर्डांचं कारण बोर्डात नव्हतंच. हीटरची वायर आखूड पडत होती म्हणून मी ती कधीतरी बदलली होती आणि नवा प्लगटॉप स्वतः जोडला होता. तारांचे सुटे धागे पिंजारू नयेत म्हणून टोकांना कथलाचा डाग दिला होता आणि ती टणक टोकं स्क्रूखाली आवळली होती. काम फार सुबक झालंय असं तेव्हा वाटलं होतं. पण कथील मऊ. सततच्या दाबाखाली, त्यातून गरम झाल्यावर, ते हळूहळू दबत जातं आणि आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. प्लगटॉप उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. तारेचं आवरण बोटभर करपून कडक झालं होतं.

पुढचं चक्र सगळीकडे सारखंच चालतं. सैल स्क्रू तापतो, पिन तापते, पिनेची उष्णता सॉकेटच्या पितळी पट्टीत उतरते. त्या पट्टीची स्प्रिंगसारखी ताठर पकड उष्णतेने ढिली पडते. पकड ढिली झाली की तिथेही रोध वाढतो आणि ती जागा आणखी तापते. पिनेवर काळपट थर बसतो, तो वीज नीट वाहू देत नाही. मग बोर्ड जातो. आपण नवा बोर्ड आणतो आणि तोच काळा पडलेला प्लग त्यात खुपसतो. नव्या सॉकेटची ताजी पकडही पहिल्या दिवसापासून भाजायला लागते.

उलट दिशेनेही हेच होतं. करपलेल्या सॉकेटमध्ये नवा प्लग घातला तर नवा प्लग खराब होतो. म्हणून बदलायचं तर जोडीनं: प्लग आणि सॉकेट दोन्ही. पिना पॉलिश पेपरने घासून चकचकीत करण्याचा मोह मलाही झाला होता. घासल्याने मुलामा जातो, पिन किंचित बारीक होते आणि पकड आणखी सैल. तापून रंग बदललेला प्लग कापून टाका. वायरही तिथून मागे, जिथे तांबं स्वच्छ गुलाबी दिसेल तिथपर्यंत कापा.

नवा प्लगटॉप बसवताना सुट्या धाग्यांच्या टोकांवर योग्य मापाची फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवा आणि ती स्क्रूखाली घाला. फेरूल नसेल तर धागे नीट पीळ देऊन तसेच आवळा, पण डाग देऊ नका. वायर बाहेरून ओढली गेली तर ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून प्लगच्या तोंडाशी असलेली पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर घट्ट बसवा. हे जोडकाम कधी केलेलं नसेल तर साच्यातला बंद प्लग असलेली तयार वायर घेतलेली बरी.

आणि हीटर बोर्डावरून काढा. माझ्या मते या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही. हीटर, मोठा डीह्युमिडिफायर, पोर्टेबल एसी यांचा प्लग थेट भिंतीच्या १६ अँपिअर सॉकेटमध्ये, मध्ये ना बोर्ड, ना स्मार्ट प्लग, ना मल्टिप्लग. थर्मोस्टॅटवर चालणारा हीटर रात्रभर चालू-बंद होत राहतो. सांधा तापतो, निवतो, पुन्हा तापतो. धातू दर वेळी प्रसरण-आकुंचन पावतो आणि त्यानेही स्क्रू ढिले होतात. सलग चालणाऱ्या दिव्यापेक्षा हे फिरतं तापणं सांध्याला जास्त जाचक असतं. बोर्डाला बोर्ड जोडणं तर नकोच, त्यात सांधे दुप्पट होतात.

हे सगळं करूनही भिंतीचंच सॉकेट तापत असेल तर त्याच्या मागचा सांधा सैल आहे. ते काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनचं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला लेखी कळवा आणि तोपर्यंत ते सॉकेट वापरू नका.

दिवे ठरलेल्या वेळी बंदच होत नाहीत

ही तक्रार वेगळी वाटते, पण तीही सांध्याचीच आहे. यात सांधा टायमरच्या पोटात असतो. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या भागात, कपॅसिटर असतात. वीज येताच ते रिकाम्या हौदासारखे करंट ओढून घेतात. मिलिसेकंदाहूनही कमी वेळ, पण दिव्याच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट. रोज एकदा असा धक्का बसून टायमरच्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, संपर्कबिंदू एकमेकांना चिकटतात, अक्षरशः वेल्डिंग होतं. मग टायमरवरची वेळ पुढे जाते आणि दिवा चालूच राहतो. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. ड्रायव्हरसाठी त्याची क्षमता बरीच कमी धरावी लागते.

दिवे एकाच वेळी लावण्याऐवजी दोन टायमर घेऊन मिनिटभराच्या अंतराने लावा. दिवे चार-पाचच्या वर असतील तर टायमरने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा लोड तोडण्या-जोडण्यासाठीचा दणकट स्विच, चालवावा आणि दिव्यांचा लोड कॉन्टॅक्टरने घ्यावा. दिवे लागताक्षणीच एमसीबी पडत असेल तर तेही याच धक्क्याने. बी प्रकारचा एमसीबी क्षमतेच्या तीन ते पाच पटींत क्षणात पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटींत. पण म्हणून आपणच सी बसवू नका. वायरिंगला तो चालेल का, हे मोजून ठरवावं लागतं.

आरसीसीबी मध्यरात्री पडतो

यात सगळी गंमत वेळेची आहे. केव्हा पडतो ते चार-पाच वेळा लिहून ठेवलं की अर्धं निदान झालं.

दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी पडत असेल तर दमटपणावर संशय घ्या. २५ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा १९ अंशांपर्यंत निवली की दव धरायला लागतं. दिवे गेले की टेंटमधलं, म्हणजे रोपांभोवतीच्या बंद तंबूतलं, तापमान सहज तेवढं उतरतं आणि रोपं तर बाष्प सोडतच असतात. पाणी पहिल्यांदा धातूवर आणि सॉकेटच्या तोंडावर साचतं. त्यात खताचे क्षार असतील तर काम बिघडलंच. सॉकेटच्या कडेला बारीक पांढरी भुकटी दिसते का बघा. कॅल्शियम नायट्रेटसारखे क्षार हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतात आणि ओले झाले की वीज वाहून नेतात. अशा ओल्या क्षाराच्या वाटेवरून थोडा थोडा करंट वाहत राहिला की प्लास्टिक कोळसा होत जातं, आणि कोळसा तर कोरडा असतानाही वीज वाहतो. मग ती जागा पुसून उपयोग नाही, सॉकेट बदलावंच लागतं. बोर्ड, ड्रायव्हर, टायमर टेंटच्या बाहेर ठेवले आणि दिवे गेल्यावरही पंखा संथ चालू ठेवला तर हा त्रास बहुतेक वेळा थांबतो.

पंप सुरू होतानाच पडत असेल तर पंपाचं सील गेलंय. पंप बदला. दुरुस्तीच्या नादी लागू नका.

नवं उपकरण आणल्यापासून अधूनमधून, काही ठराविक कारण नसताना पडत असेल तर छोट्या छोट्या लिकेजची बेरीज झालेली असू शकते. प्रत्येक ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातोच. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला तो ०.३४ मिलिअँपिअर भरतो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण दिवे, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन सगळं एकाच आरसीसीबीमागे असेल तर बेरीज वाढते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणून कायमचं लिकेज ९ च्या आत ठेवतात.

शोधताना एक चूक बहुतेकजण करतात. उपकरणाचा स्विच बंद करून ते बाजूला झालं असं समजतात. साधा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच असतो, आणि न्यूट्रल कुठे अर्थला टेकत असेल तर स्विच बंद असूनही आरसीसीबी पडतो. प्लग पूर्ण काढा. सगळे काढून, मग एकेक लावत जा, प्रत्येकाला निदान एक रात्र द्या. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मेगर, म्हणजे आवरणातून वीज गळते का ते मोजणारं मीटर, घेऊन येणाऱ्या इलेक्ट्रिशियनचा.

आरसीसीबी पडू नये म्हणून प्लगची अर्थची पिन कापलेली मी स्वतः पाहिली आहे. त्याने आरसीसीबी पडायचा थांबतो खरा. लिकेज मात्र दिव्याच्या धातूच्या चौकटीवर जाऊन थांबतं आणि ओल्या हाताने चौकटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतं.

पाणी कुठे जाईल ते आधी ठरवा

बोर्ड पाण्याच्या टाकीपेक्षा उंचावर, भिंतीला ठोकलेला, सॉकेटची तोंडं समोर. जमिनीवर पडलेला बोर्ड म्हणजे पहिल्या गळतीची वाट बघणं. प्रत्येक वायरीला सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टाकीखालच्या ट्रेमध्ये टाकीतलं सगळं पाणी मावलं पाहिजे. २० लिटरच्या टाकीखाली पाच लिटरचा ट्रे नुसता शोभेचा. आयपी २० लिहिलेल्या दिव्याला पाण्यापासून कसलंच संरक्षण नसतं, तो पानांवर फवारणी होणाऱ्या जागी नको. सोडियम किंवा मेटल हॅलाइडचा तापलेला बल्ब असेल तर त्याच्या आसपास फवारणी करूच नका, थेंब पडून काच फुटते.

तरीही काही पेटलंच तर

सांधा करपला तरी आग लागेलच असं नाही. ती लागते शेजारी काय ठेवलंय त्यावर. माझ्या पहिल्या बोर्डाला कोको पीटची उघडी पिशवी टेकलेली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वाळलेलं कोको पीट आणि पीटची माती ज्वाळा न दाखवता आत धुमसत राहते आणि बराच वेळ लक्षातच येत नाही. चकाकणारी परावर्तक फिल्म, थर्मोकोल, पडदे, वाळलेली पानं हे सगळं बोर्डापासून हातभर दूर. बोर्ड लाकडी मांडणीवर न ठोकता मध्ये सिमेंट शीट किंवा फरशीचा तुकडा घ्या.

दिवा दोन स्वतंत्र साखळ्यांवर टांगा, एक सुटली तर दुसरीने धरला पाहिजे. पंखा बंद पडला तर दिवे आपोआप बंद व्हावेत अशीही सोय करा. टेंटमध्ये थर्मोस्टॅट लावून ४० अंशांच्या वर दिव्यांचा पुरवठा तोडायचा, एवढं पुरतं. पंखा धुळीने जाम होतो तो बहुधा घरात कोणी नसतानाच.

धुराचा अलार्म फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्या, धुमसणारी आग तो लवकर ओळखतो. तो टेंटच्या आत नको, वाफेने खोटा वाजेल आणि चार दिवसांत तुम्ही त्याची बॅटरी काढून ठेवाल. खोलीच्या छताला, टेंटच्या बाहेर लावा. कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक खोलीच्या दाराबाहेर हवा. खोलीच्या आत ठेवला तर आग ओलांडून आणायला जावं लागेल. वीज चालू असताना पाणी मारायचं नाही. आधी मेन बंद करा, म्हणजे एक्झॉस्ट पंखाही थांबेल आणि आगीला वारा मिळणार नाही. टेंट पेटलेला असेल तर त्याची चेन उघडून आत बघू नका. घरातल्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, शेजाऱ्यांना उठवा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं

"प्लग तापतो" एवढंच सांगितलं तर तो बोर्ड बदलून जाईल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याऐवजी एकूण वॉट, रोजचे तास, कोणती पिन तापते, लोडवर व्होल्टेज किती पडतं, आरसीसीबी किती वाजता पडतो, हे कागदावर लिहून द्या. शक्य असेल तर रोपांच्या खोलीसाठी पॅनेलमधून स्वतंत्र लाइन मागा: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअर, आणि तिच्यापुरता वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), म्हणजे पंपाच्या लिकेजने फ्रिज बंद पडणार नाही. ठिणग्या ओळखणारा ब्रेकर, एएफडीडी, मिळत असेल तर तोही विचारा. सैल सांध्यात ठिणग्या सुरू झाल्या तर पॅनेलवरून ते ओळखू शकणारं उपकरण तेवढंच. पण नुसता ठिणगीविना तापणारा सांधा त्यालाही दिसेलच असं नाही, म्हणून महिन्यातून एकदा हात लावून बघणं सुटत नाही. आरसीसीबीचं टेस्टचं बटणही त्याच दिवशी दाबा.

दुरुस्तीनंतर तासाभराच्या पूर्ण लोडवर पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसकट बोर्डावरच चिकटवा. माझ्याकडे आता खोली २४ अंश असताना हीटरचा प्लग ३१ दाखवतो. तो कधी ३६-३७ दिसला तर करपायची वाट न बघता उघडायचा.

आणि करपलेला प्लग, बोर्ड फेकून देऊ नका, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ठेवा. कुठली पिन काळी आहे, काळेपणा पिनेच्या टोकाला आहे की मुळाशी, यावरून त्याला चटकन कळतं. टोकाला असेल तर बहुधा सॉकेटची पकड सैल, मुळाशी असेल तर प्लगच्या आतला स्क्रू. माझा मुळाशी काळा होता. तिन्ही बोर्ड मी निष्कारण बदलले होते.